सोडणे आणि सुटणे

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या पुतण्याने मला एक प्रश्न विचारला. प्रश्न चार शब्दांचा होता आणि त्याचे उत्तरही मला ठाऊक होते. तरी ते ओठांवर आणायला मला बराच वेळ लागला. खरे सांगावे तर त्याचा धीर खचेल, आणि खोटे सांगावे तर ते पुढे त्याच्यावरच उलटेल, असा तो पेच होता.

आमच्या घरी पणत्या लावण्याचे काम माझ्याकडे असते. साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर, कठड्यावर ओळीने पणत्या मांडून मी काडी ओढली. समोर अजिंक्यतारा अंधारात बुडत चालला होता. काडी पेटताना गंधकाचा जो एक उग्र दर्प सुटतो तो नाकात गेला, आणि माझा डावा हात आपण होऊन सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. २००१ सालापासून तो रिकामाच आहे. मी हात खाली घेतला आणि पणती लावली.

पुतण्या शेजारीच तेलाची बुधली घेऊन उभा होता. पुण्याला कसल्याशा संगणकाच्या कंपनीत तो नोकरी करतो. वय चौतीस. सिगारेट सोडून त्याला त्या दिवशी नऊ दिवस झाले होते, ही बातमी त्याने आल्याआल्या मला एकट्याला सांगितली होती. माझा हात त्याने पाहिला. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "किती दिवसांनी जाते, काका?"

काय जाते, हे त्याने सांगितले नाही. ज्याला ती येते त्याला सांगावे लागत नाही. मराठीत तिला 'तलफ' हा फार नेमका शब्द आहे. भूक लागते, तहान लागते. तलफ मात्र 'येते'. दाराशी पाहुणा यावा तशी येते, आणि पाहुणा परिचयाचा असल्यामुळे घरात कुणाला विचारीत नाही.

मी त्याला "थांब, पणत्या होऊ देत" असे म्हणून वेळ मारून नेली. पणत्या लावता लावता माझ्या मनात जे आले ते येथे लिहितो आहे.

मी संस्कृतचा शिक्षक. एका माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे शब्द चालवून घेण्यात आयुष्य गेले. पहिली सिगारेट ओढली १९७४ साली, कॉलेजात असताना. पहिली सोडली केव्हा, ते सांगणे कठीण आहे, कारण मी ती फार वेळा सोडली. इटालीतल्या इतालो स्वेव्हो या लेखकाची १९२३ साली प्रसिद्ध झालेली एक कादंबरी आहे. तिचा नायक झेनो जन्मभर 'शेवटची सिगारेट' ओढीत असतो आणि त्यासाठी सोयीच्या तारखा शोधीत असतो. मी ती कादंबरी फार उशिरा वाचली; वाचताना वाटले, या गृहस्थाच्या हाती कुणी कालनिर्णय दिले असते तर त्याची केवढी सोय झाली असती! आपल्याकडे गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे, दसरा आहे. मी हे सारे मुहूर्त वापरून पाहिले. मुहूर्ताची एक गंमत अशी की तो आदल्या दिवशी दुप्पट ओढायला परवानगी देतो.

वर्गात मी 'व्यसन' शब्दाचे दोन अर्थ शिकवीत असे. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, आणि व्यसन म्हणजे वाईट नादही. मुलांना सांगत असे, "पाहा, आपल्या पूर्वजांनी दोहोंना एकच शब्द ठेवला!" आणि तास संपला की शाळेमागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहत असे. १९९८ साली त्याच भिंतीपाशी मला नववीतला एक मुलगा विडी ओढताना सापडला. मी त्याचा कान धरला, त्याला वर्गापर्यंत तसाच नेला, आणि त्याच्या वडिलांना चिठ्ठी लिहिली. मुलगा एक अक्षर बोलला नाही. फक्त एकदा त्याने माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिले. त्या पाहण्यात उर्मटपणा असता तर मला बरे वाटले असते. त्याला फक्त नवल वाटत होते.

ते नवल मी तीन वर्षे उशाशी घेऊन झोपलो. अखेर २००१ च्या गुढीपाडव्याला घरात जाहीर केले की आता सोडली. आणि चार महिने घरात कुणीही मला ओढताना पाहिले नाही. कारण मी संध्याकाळी चार भिंतीच्या वाटेने फिरायला जाऊ लागलो होतो. येताना तोंडात वेलदोडा, मुठीत बडीशेप. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे मी सांगत असे. तेही खोटे होते.

श्रावणातल्या एका सकाळी आमच्या सौ.नी माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्याच्या शेजारी एक काडेपेटी ठेवली. म्हणाल्या, "देवघरातली काडेपेटी सापडत नव्हती. तुमच्या सदऱ्यात होती. धुवायला टाकताना खिसे बघत जा, नाहीतर भिजायची." एवढे बोलून त्या पूजेची फुले आणायला गेल्या. मी चहा तसाच ठेवला. त्या परत आल्यावर सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला पाडव्यापासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

माझी शेवटची सिगारेट आदल्या दिवशीच होऊन गेली होती. तिला मुहूर्त नव्हता, आणि ती शेवटची आहे हे ओढताना मला माहीतही नव्हते.

त्यानंतर मी कसलीही शपथ घेतली नाही. आमच्यात एवढेच ठरले की तलफ आली की मी बोलायचे. मी म्हणे, "आली." त्या विचारीत, "कुठवर आली?" आणि माझ्यापुढे भुईमुगाच्या शेंगांचे सूप सरकवीत. मी शेंगा फोडीत बसे. हातांना काम, तोंडाला चाळा. दहा-पंधरा शेंगा होईतो ती निघून गेलेली असे. त्या वर्षी आमच्या घरी दाण्याचे कूट कधी कमी पडले नाही.

शेंगांच्या मागे शास्त्र होते, हे नंतर वाचनात आले. धूर आत घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते; इतक्या तत्परतेने मोबदला देणारा धनी जगात दुसरा नसेल. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि नोकर पुन्हा धन्याच्या दारात उभा राहतो. ओढणे बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड होते, झोप मोडते, कशात लक्ष लागत नाही, भूक वाढते. तीन-चार आठवड्यांत हा ताप बहुतेक उतरतो. आणि एकेक तलफ तर काही मिनिटांचीच असते. तिचे काही ऐकले नाही तरी ती लाटेसारखी चढते आणि उतरते. मात्र एखादा वास, एखादी जागा, जेवणानंतरची एखादी निवांत घटका यांच्याशी जी आठवण बांधली गेलेली असते, ती वर्षांनंतरही क्षणभर डोके वर काढू शकते. माझ्या बाबतीत ती जागा काडीच्या वासात आहे.

तेव्हा प्रश्नाचे खरे उत्तर होते, 'पुष्कळशी महिन्याभरात जाते, थोडीशी राहते.' यात संकोच वाटण्यासारखे काय होते? संकोच होता तो त्या 'थोडीशी'चा. ज्याला अजून तलफ येते त्याने आपण सोडली असे म्हणावे काय?

हा प्रश्न पुतण्याच्याही मनात होता. संध्याकाळी मी त्याला डॉक्टरांनी दिलेला निकोटिनचा च्युइंग गम लपवून तोंडात टाकताना पाहिले होते. गम चघळावा लागतो म्हणजे आपण खरे सोडलेच नाही, असे त्याला वाटत असावे. नाहीतर तो लपवला नसता.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एक श्लोक आहे. तो शिकवताना माझा आवाज नेहमी थोडा खाली येत असे. कर्मेंद्रिये आवरून धरायची आणि मनाने मात्र विषयांचे स्मरण करीत बसायचे, अशा माणसाला तेथे मिथ्याचारी म्हटले आहे. मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी. शेंगा फोडताना मला वाटे, हे माझेच वर्णन आहे. हात शेंगांत आणि मन भिंतीपाशी! ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्रात दोन माणसे वेगळी केली आहेत. एकाला वाईट वासना होतात आणि तो त्या आवरतो. दुसऱ्याला त्या होतच नाहीत. त्याच्या मते दुसरा श्रेष्ठ. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की लहानपणी काकांची थोटके ओढण्याचा नाद त्यांना लागला होता, पण मोठेपणी विडी ओढण्याची इच्छा त्यांना कधी झालीच नाही. म्हणजे ते दुसऱ्या वर्गात. मी पहिल्या वर्गातच, आणि तेथेही मागच्या बाकावर.

परंतु पणत्या लावताना त्या श्लोकाकडे मी व्याकरणाच्या नजरेने पाहिले. ढोंगी कोणाला म्हटले आहे? मनाने स्मरण करीत 'बसतो' त्याला. बसण्याचे क्रियापद तेथे आहे. स्मरण करणे ही कृती आहे, आणि तिला कर्ता आहे. आठवण येणे ही कृती नव्हे, ती घडते. दाराशी कोण यावे हे घरधन्याच्या हाती नसते. त्याला पाट मांडायचा की नाही, एवढे मात्र त्याच्याच हाती असते. आणि त्याच गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोकळेपणाने सांगितले आहे की विषय दूर ठेवणाऱ्याचे विषय दूर होतात, पण गोडी मागे राहते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच जाते. ते दर्शन आमच्या शिक्षकांच्या खोलीत तरी कुणाला झालेले नव्हते.

आपल्या भाषेने ही गोष्ट दोन धातूंत सांगून ठेवली आहे: सोडणे आणि सुटणे. सोडणे माझे आहे. सुटणे माझे नाही; गाठ जशी सुटते, वारा जसा सुटतो, तसे ते आपल्या वेळेने होते किंवा होत नाही. माणसाचा हिशेब मागायचा तो सोडण्याचा. न सुटल्याबद्दल त्याला दोषी धरू नये, आणि सुटले म्हणून त्याला फार मोठाही म्हणू नये. ज्याला कधी तलफच आली नाही त्याच्या ओठांची स्वच्छता चांगलीच आहे, पण ती त्याची कमाई आहे असे मला वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सोडण्यातही कुणाचा दोष कसा धरणार? फ्रॉइडसारखा माणूस! साऱ्या जगाच्या वासनांचा उलगडा करणाऱ्या त्या वैद्याला १९२३ साली तोंडात कर्करोग निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी १९३९ साली मृत्यू येईपर्यंतच्या वर्षांत सिगार त्याला कायमचा सोडवला नाही. त्याला मी दुबळा म्हणणार नाही. ज्यांना सोडवत नाही त्यांच्याविषयी सोडलेल्यांनी फार बोलू नये. पण इंग्लंडातल्या रिचर्ड डॉल यांचेही उदाहरण आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा त्यांचा आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा निबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. आकडे हाती आले तेव्हा डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. पुढे डॉक्टरांचीच पन्नास वर्षे पाहणी करून २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तिसाव्या वर्षी सोडली तर सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षीही तीन. या आकड्यांत तलफ गेली की राहिली, हे कुणी विचारलेले नाही. फुप्फुसांना फक्त एवढेच समजते की धूर आला की नाही.

मग ढोंग कोठे असते? माझे ढोंग चार भिंतीच्या वाटेवर होते, वेलदोड्यात होते, डॉक्टरांच्या नावावर खपवलेल्या फेरफटक्यात होते. त्या मुलाचा कान धरणाऱ्या हातात होते. हवेसे वाटण्यात ते कधीच नव्हते. आणि आता, इतक्या वर्षांनी, "मला काही वाटत नाही बुवा" असे मी पुतण्याला सांगितले असते, तर सिगारेट न ओढताही मी पुन्हा त्याच वाटेला लागलो असतो. शिवाय महिन्याने त्याला तलफ आली असती तेव्हा, काकाला जमले ते आपल्याला जमत नाही, असे वाटून तो टपरीवर गेला असता. मोठ्या माणसांच्या असल्या खोट्या शौर्यकथांनी किती तरुणांना हरवले असेल!

शेवटची पणती लावून झाली. मी काडी विझवली आणि म्हणालो, "पुष्कळशी महिन्याभरात जाईल. पहिला आठवडा तू काढलास, तोच अवघड होता. थोडी राहील. मला आत्ताच आली होती."

"पाहिलं मी," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "म्हणजे जन्मभर?"

"जन्मभराचं मला माहीत नाही. आत्ताची गेली, एवढं सांगतो. आणि तो गम लपवू नकोस. काकूला सांग. शेंगा देईल."

तो हसला. पण त्याचा धीर खचला आहे असे मला दिसले नाही. उलट एखाद्या ओझ्याला दुसऱ्या बाजूने हात लागल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

संक्रांतीला त्याचा तिळगुळाचा निरोप फोनवर आला. त्याखाली दोनच शब्द होते: "आली. गेली." मी ते सौ.ना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "कोण आलं होतं?" मी म्हणालो, "आपल्या ओळखीचीच."

या दिवाळीला तो येणार आहे. शेंगा आणून ठेवल्या आहेत.