तलवार कमरेला बांधल्यावर

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 25 वा अध्याय उघडून समोर ठेवा आणि थोडा वेळ नुसतेच बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या. आजच्या मननाचा विषय आपला उतावळेपणा आहे. मनात आलं की बोलून मोकळं व्हायचं, राग आला की हात उचलायचा, ही आपली सवय. तिच्याकडे घाईघाईने पाहता येत नाही. आपण प्रभूसमोर बसलो आहोत, आणि त्याला आपला स्वभाव आधीपासून ठाऊक आहे. त्याच्यासमोर काही झाकायची गरज नाही. हे मनाशी एकदा नीट म्हणा आणि मग अध्यायाकडे वळा.

अध्याय एका मृत्यूने सुरू होतो. शमुवेल गेला. ज्याने दाविदाच्या डोक्यावर तेल ओतलं, राजा शौल मागे लागला तेव्हा ज्याच्याकडे तो धावत गेला, तो म्हातारा संदेष्टा आता नाही. सगळ्या इस्राएलाने शोक केला, एवढं सांगून शास्त्र पुढे जातं. तुम्ही मात्र इथेच थोडं थांबा. दावीद रानात आहे. राजा त्याच्या जिवावर उठला आहे. सोबत 600 माणसं आहेत, त्यांना रोज खायला घालायचं आहे. आणि आता आधाराचा माणूसही गेला. पुढे जे घडणार आहे ते अशा मनात घडणार आहे.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारून पाहा. मागच्या वेळी तुमचा तोल सुटला, त्याच्या आधीचे दिवस कसे होते? झोप झाली होती का? कुणी आजारी होतं का? कुणाचं दुःख मनात तसंच दाबून ठेवलं होतं का? वागण्याला सबब मिळावी म्हणून हे विचारायचं नाही. भांडणाचा क्षण आपल्याला चांगला आठवतो, पण त्याच्या आधीचा थकवा आठवत नाही, म्हणून विचारायचं. जे आठवेल ते प्रभूपुढे ठेवा. घाई नाही.

आता कर्मेलला जाऊ. हा समुद्राकाठचा एलियाचा कर्मेल डोंगर नव्हे. हे यहूदाच्या दक्षिणेकडचं, मावोनजवळचं गाव. तिथे नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाची मेंढरं कातरायचं काम चाललं आहे. 3000 मेंढरं आणि 1000 शेरडं. कातरणीचे दिवस म्हणजे मेजवानीचे दिवस, हात सैल सोडण्याचे दिवस. दाविदाच्या माणसांनी रानात नाबालाच्या मेंढपाळांना सांभाळलेलं आहे. म्हणून दावीद दहा तरुणांना पाठवतो, आधी कुशल विचारायला सांगतो, मग म्हणतो, जे हाताशी असेल ते द्या.

नाबालाचं उत्तर तुम्ही स्वतः वाचा, दोनदा वाचा. तो नुसता नकार देत नाही. दावीद कोण, इशायाचा मुलगा कोण, असं विचारतो. धन्याला सोडून पळालेले चाकर हल्ली फार झालेत, असंही म्हणतो. म्हणजे ज्या माणसाने शौलाची निष्ठेने सेवा केली आणि तरीही ज्याला पळावं लागलं, त्याच्या नेमक्या जखमेवर तो बोट ठेवतो.

दावीद चार शब्दांत हुकूम देतो: सगळ्यांनी तलवारी बांधा. 400 जण निघतात, 200 सामानापाशी राहतात. सकाळपर्यंत नाबालाच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, अशी शपथ दावीद घेतो. अपराध एकाचा, आणि मरणार त्या घरातले गडी, मेंढपाळ, पोरंसुद्धा.

इथे मागे वळून 24 वा अध्याय आठवा. एन-गेदीच्या गुहेत शौल एकटा, पाठमोरा, दाविदाच्या हातात सापडला होता. तो आला होता 3000 निवडक सैनिक घेऊन, दाविदाला मारायला. सोबतची माणसं कानाशी लागली होती की, हाच देवाने दिलेला दिवस. दाविदाने फक्त झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला टोचू लागलं. 3000 सैनिकांच्या धन्यापुढे जो इतका सावध राहिला, तो 3000 मेंढरांच्या धन्यापुढे पेटून उठला.

मला हा सगळ्या अध्यायातला सर्वांत गंभीर धडा वाटतो. मोठ्या परीक्षेला आपण तयारीने जातो. तिथे देव आठवतो, लोक पाहत असतात, आणि या प्रसंगाचं मोल किती हे आपल्याला कळत असतं. पण अपमान कुठूनही येतो. रांगेत येतो, जेवणाच्या ताटावर येतो, भावकीच्या बैठकीत येतो, मंडळीच्या मासिक सभेतही येतो. तिथे आपण प्रार्थना करून गेलेलो नसतो. मोठ्या संकटात ज्यांचा विश्वास डगमगला नाही अशी माणसं एका टोमण्यापायी वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपल्या मंडळ्यांमध्ये कुणी पाहिलेलं नाही?

डोळे मिटा. तुमचा नाबाल कोण आहे ते पाहा. तो फार मोठा शत्रू नसेल. बहुधा तो असा कुणी असेल, ज्याचं एक वाक्य तुमच्या दुखऱ्या जागी लागलं. ते वाक्य आठवा. अंगात काय होतं तेही पाहा: श्वास, जबडा, हाताच्या मुठी. आता त्या माणसाला मनातल्या मनात उत्तर देऊ नका. ते वाक्य फक्त प्रभूला सांगा, जसंच्या तसं. तो ऐकेल.

आणि एक गोष्ट मान्य करा. दाविदाची तक्रार खरी होती. नाबालाच्या घरचा गडीच साक्ष देतो की, ही माणसं रात्रंदिवस आमच्याभोवती तटासारखी होती. उतावळेपणा नेहमी खोट्यावर उभा असतो असं नाही. पुष्कळदा आपलं म्हणणं शंभर टक्के खरं असतं, आणि म्हणूनच आपण थांबत नाही. आपण बरोबर आहोत ही खात्री तलवारीची धार वाढवते.

आता दुसरीकडे काय चाललं आहे ते पाहू. एक गडी नाबालाची बायको अबीगईल हिच्याकडे जातो. शास्त्र त्याचं नाव देत नाही. धन्याशी बोलायची सोय नाही, हे तो तिला उघड सांगतो. तो गप्प राहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आपल्या घरात, कचेरीत, मंडळीत असं बोलणारं कुणी असेल तर त्याला गप्प करू नका.

अबीगईल उठते. तिच्या घाईकडे नीट पाहा, कारण तीही घाईच आहे. 200 भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं रांधलेलं मांस, पाच मापं हुरडा, मनुकांचे 100 घड, अंजिरांच्या 200 ढेपा. सगळं गाढवांवर लादून ती निघते. दाविदाच्या घाईत फक्त पोलाद आहे, हिच्या घाईत भाकरी मोजून घेतलेली आहे. देवाचं माणूस म्हणजे सगळ्या गोष्टी सावकाश करणारं माणूस, असं आपण समजतो. ते खरं नाही. समेट करायला धावत जावं लागतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. घरात मार खाणाऱ्या, रोज शिव्या ऐकणाऱ्या बाईला, तू अबीगईल हो आणि सोस, असं सांगण्यासाठी हा अध्याय कुणी वापरू नये. अबीगईलने निघताना नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही. तिने त्याच्या मूर्खपणावर पांघरूण घातलं नाही. तिने घरातल्या माणसांचे जीव वाचवले. आणि तलवार आवरण्याची जबाबदारी अखेरपर्यंत दाविदाचीच होती.

डोंगराच्या आडोशाने ती उतरते. समोरून 400 माणसं येत आहेत. त्या अरुंद वाटेवर तुम्ही स्वतः कुठेतरी उभे राहा आणि बघा. ती गाढवावरून उतरते, दाविदाच्या पायांशी पडते आणि सगळ्यात आधी म्हणते की, दोष माझ्यावर असू द्या. तिचा काडीचाही दोष नाही. तुमची माणसं आली तेव्हा मी तिथे नव्हते, हेही ती सांगते, पण ते नंतर. आधी ती अपराध अंगावर घेते.

हे वाचताना ख्रिस्ती माणसाला क्रूस आठवल्याशिवाय राहत नाही. रागावलेला आणि अपराधी यांच्या मधोमध उभा राहून, स्वतः निर्दोष असताना, माझ्यावर येऊ दे असं म्हणणारा आपला प्रभू. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून महायाजकाचा चाकर मल्ख याचा कान तोडला तेव्हाही येशूने आधी आपल्याच माणसाची तलवार थांबवली आणि मग तो कान बरा केला. लोकांनी त्याची निंदा केली, त्याने उलट निंदा केली नाही. आपण संयम मागतो तेव्हा आपण याच्याकडे मागतो, हे विसरू नका. एखाद्या कोऱ्या शक्तीकडे आपण मागत नाही. जो स्वतः त्या रात्री आपल्या दुःख-भीतीसकट पित्यापुढे पालथा पडला, त्याच्याकडे आपण मागतो.

अबीगईल पुढे काय बोलते? तुमचा अपमान झालाच नाही, असं ती म्हणत नाही. ती दाविदाला उद्याचा दिवस दाखवते. देव तुम्हाला इस्राएलाचा राजा करील, त्या दिवशी विनाकारण सांडलेलं हे रक्त तुमच्या मनाला सलायला नको. तुमचा जीव परमेश्वरापाशी गाठोड्यात सुरक्षित बांधलेला आहे, आणि शत्रूचं काय करायचं ते तो बघेल, जसा गोफणीतून धोंडा भिरकावतात तसा. गोफण! गल्याथासमोर उभा राहिलेला तो मुलगा तिने दाविदाला परत दाखवला. त्या दिवशी तू तलवार घेऊन गेला नव्हतास, ही आठवण तिने किती हळुवारपणे करून दिली आहे.

आता तुमच्या नाबालाकडे परत या. मनात एक प्रश्न धरा: दहा वर्षांनी मला या प्रसंगाबद्दल काय आठवायला आवडेल? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा, आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हणा: प्रभू, माझा जीव तुझ्यापाशी आहे. ज्याचा जीव देवापाशी आहे त्याला स्वतःची अब्रू हातात तलवार घेऊन राखावी लागत नाही. संयमाचं मूळ मला इथे दिसतं. नुसते दात आवळून धरलेला राग महिन्याभरात दुसऱ्या कुणावर तरी, बहुधा घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर, निघतो.

पौल गलतीकरांना लिहिताना आत्म्याच्या फळांत संयमाला शेवटची जागा देतो. ते पत्र कुणा एका साधकाला लिहिलेलं नाही. ते गलतियातल्या मंडळ्यांना लिहिलेलं आहे, आणि थोडं आधी तो त्यांना सांगतो की, तुम्ही एकमेकांना चावत सुटलात तर एकमेकांना संपवाल. म्हणजे हे फळ माणसांच्या घोळक्यात, चावणाऱ्यांच्या घोळक्यात, पिकायचं आहे. आपण मात्र संयम म्हणजे एकट्याने जिंकायची कुस्ती समजतो आणि हरलो की लपून बसतो. पवित्र आत्मा आपल्याला आतून बळ देतो, हे खरंच आहे. पण कधी तो गाढवावर बसून, भाकरी घेऊन, समोरून येतो. दाविदाने ते ओळखलं. त्याने आधी परमेश्वराला धन्यवाद दिला, मग अबीगईलच्या शहाणपणाला, मग तिला. आज तू मला आवरलंस, असं 400 माणसांच्या देखत त्याने कबूल केलं. शपथ घेतलेल्या सेनापतीने एका बाईचं ऐकून परत फिरणं सोपं नव्हतं.

नाबाल दहा दिवसांनी मेला, तेही दाविदाच्या हाताने नाही. पुढच्याच अध्यायात शौल पुन्हा दाविदाच्या हाती सापडतो, झोपलेला, उशाशी भाला आणि पाण्याची सुरई. सोबत आलेला अबीशय म्हणतो, एकच घाव घालू द्या. दावीद नको म्हणतो: परमेश्वर त्याचं बघेल. अबीगईलचं बोलणं त्याच्या जिभेवर आलेलं आहे.

पण हे कायमचं टिकलं नाही, आणि शास्त्राने ते लपवलेलं नाही. गच्चीवरून एक बाई दिसली त्या संध्याकाळी दाविदाने तिची चौकशी केली तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं होतं की, ही उरीयाची बायको बथशेबा. त्या एका वाक्यातही वाट अडवलेली होती. तो थांबला नाही. तेव्हा तो राजा झाला होता, आणि आडवं येणाऱ्याचं ऐकायची सवय सुटली होती. पुढे पुष्कळ वर्षांनी, मुलाच्या बंडामुळे पळताना, बहूरीम गावापाशी शिमी दगड मारत आणि शाप देत आला. अबीशय पुन्हा तलवार मागू लागला, आणि म्हाताऱ्या दाविदाने पुन्हा नको म्हटलं. संयम असा येतो, जातो आणि देवाच्या कृपेने परत येतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळकांचा तापट स्वभाव ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी त्याला संतपणाचा मुलामा दिला नाही, आणि म्हणूनच त्यांचं प्रेमही आपल्याला खरं वाटतं. तापट माणसाला प्रभू टाकून देत नाही. शेवटी त्याच्याशी थोडं बोला. तुमचे शब्द सुचत नसतील तर हे घ्या: प्रभू, मी तलवार बांधून निघालो आहे हे तुला दिसतं आहे. माझ्या वाटेत कुणाला तरी पाठव, आणि ते माणूस आलं की मला ओळखू दे. आमेन.

आता उठण्यापूर्वी एकच करा. कधीतरी कुणीतरी तुमची वाट अडवली असेल. आईने, बायकोने, नवऱ्याने, एखाद्या मित्राने, हाताखालच्या माणसाने. त्या वेळी तुम्हाला त्याचा राग आला असेल. ते माणूस हयात असेल तर आजच त्याला फोन करा किंवा भेटायला जा, आणि त्याचे आभार माना.