गाणी लिहिणं हा स्वधर्म असतो का?

मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाला शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या एखाद्या पोराने ‘गाणी लिहिणार’ असं उत्तर दिलं, तर घरातले आधी हसतील आणि मग पोलीस भरतीचा विषय काढतील. पण याच तालुक्यात, कवठे येमाईला, हे उत्तर खरं करून दाखवणारा माणूस होऊन गेला. १९४७ साली जन्मलेले बशीर मोमीन शाळकरी वयातच गाणी रचू लागले आणि पुढे ‘मोमीन कवठेकर’ या नावाने तमाशाच्या फडांचे लेखक झाले. लावण्या लिहिल्या, वग लिहिले. तमाशा गणपतीच्या गणाने सुरू होतो, मग कृष्णाची गवळण येते. मोमीनांच्या लेखणीतून गणपतीही आला आणि कृष्णही. राज्य शासनाने त्यांना २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ मध्ये ते गेले.

लहानपणीची अशी ओढ ही नुसती हौस, की स्वधर्म?

गीता सांगते, दुसऱ्याचं काम उत्तम साधलं तरी त्यापेक्षा आपलं काम बरं, मग त्यात उणीव का असेना. पण आपलं काम कोणतं, हे कुणी ठरवायचं? विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. स्वधर्म शोधायला जावं लागत नाही, तो जन्माबरोबरच येतो, असं विनोबा त्यांत सांगतात. हेच विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले होते; ते मध्येच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. घरच्यांनी आखलेली वाट त्यांनी मोडली. त्याने त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. आईबाप जन्माबरोबर येतात तशी ओढही येते, आणि माणूस दोन्हींचं देणं लागतो.

ओढीचं हे देणं शाहीर पठ्ठे बापूरावांना फार महागात पडलं. रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरचं कुलकर्णी वतन बाजूला ठेवून त्यांनी तमाशाचा फड धरला आणि महार समाजातल्या तमाशा कलावंत पवळाबरोबर ते बोर्डावर उभे राहिले. जातीने त्यांना वाळीत टाकलं. गाणी महाराष्ट्रभर गाजली, पण १९४५ साली ते वारले तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. त्यांच्या त्यागाने गहिवरून येतं. मात्र पवळाकडे सोडायला वतन नव्हतं, की मोडायला प्रतिष्ठेची वाट नव्हती. स्वप्न निवडण्याची मुभासुद्धा जन्मावर ठरत होती. स्वधर्माच्या चर्चेत या गोष्टीला जागा मिळायलाच हवी.

आजही पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात आणि त्या हंगामाच्या कमाईवर कलावंतांना पुढचे महिने काढावे लागतात. तेव्हा ‘खाणार काय?’ हा आईबापांचा प्रश्न कोता नाही, तो धर्माचाच प्रश्न आहे. लिहिणाऱ्याने त्याचं उत्तर द्यावं. पण घरानेही पोराची गाण्यांची वही रद्दीत घालू नये. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज योजनेतून ज्येष्ठ कलावंताला महिना ५ हजार रुपये मानधन मिळतं, तेही पन्नाशीनंतर. शाळेतल्या पहिल्या गाण्यापासून तिथपर्यंतची सगळी वर्षं घरालाच निभवावी लागतात.