जमत नाही, की करायचे नाही?

एखादे कर्तव्य माणसाच्या हातून घडले नाही, तर ते त्याला करता आले नाही की त्याने केले नाही, हा भेद नीतिशास्त्राच्या मुळाशी आहे आणि दंडशास्त्राच्याही. मनाचा तोल सुटलेल्या अवस्थेत, आपण काय करतो याचे भान नसताना घडलेल्या कृत्याला शिक्षा नाही. सात वर्षांखालील मुलाच्या कृत्याला शिक्षा नाही. ही तत्त्वे १८६० च्या दंडसंहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहेत. वकिलीच्या व्यवसायात या भेदाशी आमचा नित्याचा संबंध येतो. परंतु हा भेद माणसाला सर्वांत अधिक छळतो तो न्यायालयात नव्हे. ज्या घरातील चौदा-पंधरा वर्षांचे मूल एकाच वेळी खिन्नतेने आणि चिंतेने ग्रासले आहे, त्या घरात तो रोज सकाळी उभा राहतो.

समजा, फोंड्याच्या किंवा बेळगावच्या एखाद्या घरात नववीत शिकणारी मुलगी आहे. सकाळी दप्तर भरलेले, वेणी घातलेली, पायांत बूट चढवलेले; आणि रिक्षा दारात येताच तिच्या पोटात कळ येते, हातपाय गार पडतात, ती परत खोलीत जाऊन दार लावून घेते. डॉक्टर पोट तपासून सांगतात की काही नाही. दुपारी ती धड जेवत नाही. पुस्तक उघडून त्याच पानावर तासभर बसून राहते. रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. आणि मधे संध्याकाळी मावसबहीण आली, की तिच्याशी खिदळताना दिसते! बापाच्या मनात तेथल्या तेथे आरोपपत्र तयार होते. जिला सकाळी उंबरठा ओलांडवत नव्हता, ती संध्याकाळी हसते कशी?

उलटतपासणीचा प्रश्न म्हणून हा उत्तम आहे. कोणताही साक्षीदार त्याने गडबडेल. परंतु साक्षीदार गडबडला म्हणजे सत्य हाती लागले असे नव्हे, हे आमच्या व्यवसायातील कोणीही जाणता मनुष्य खाजगीत मान्य करील. चिंतेचा विकार भयाच्या विषयाभोवती उसळतो आणि तो विषय दूर गेला की ओसरतो. संध्याकाळी शाळा नसते. खिन्नतेतही सगळा दिवस सारखा नसतो, पुष्कळांना सकाळ सर्वांत जड जाते. शिवाय या वयात खिन्नता रडवेल्या चेहऱ्यानेच येते असे नाही. ती चिडचिडीच्या, तुसडेपणाच्या रूपाने येऊ शकते, हे वैद्यकशास्त्राने निदानाच्या निकषांतच नमूद केले आहे. म्हणजे ज्या उद्धट उत्तराबद्दल मुलीला बोलणी बसतात, ते उत्तर कधी कधी आजाराचे लक्षण असते. ‘कधी कधी’ असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण ती पंधरा वर्षांचीही असते, आणि पंधराव्या वर्षी निरोगी मूलही उद्धट बोलते.

ही स्थिती विरळा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ या वयातील सुमारे ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मनोविकार आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने तीन. चिंता आणि खिन्नता एकत्र नांदणे हाही अपवाद नव्हे. पुष्कळदा चिंता आधी, लहानपणीच येते. मूल एकेक गोष्ट टाळू लागते. टाळता टाळता त्याचे जग आक्रसत जाते, आणि त्या आक्रसलेल्या जगात मागून खिन्नता शिरते.

खरी कोंडी यापुढे आहे. एकच विकार असता तर आईबापांना निदान दिशा तरी सापडली असती. केवळ चिंता असेल, तर भीती वाटणारी गोष्ट टाळू दिल्याने भीती पोसली जाते, असे या शास्त्रातील जाणते सांगतात. मुलीच्या वतीने शिक्षकांशी आपणच बोलणे, तिला पुनःपुन्हा ‘काही होणार नाही’ अशी ग्वाही देणे, प्रत्येक समारंभातून तिची सुटका करणे, ही माया भीतीच्याच पथ्यावर पडते. पण त्याच मुलीला खिन्नतेनेही घेरलेले असेल, तर तिची शक्तीच ओसरलेली असते. तिला ढकलले आणि ती पडली, तर ‘मी निरुपयोगी आहे’ या तिच्या मनातल्या दाव्याला आणखी एक पुरावा मिळतो. तेव्हा आज सकाळी दार लावून घेतले ते भीतीने की थकव्याने? बाहेरून दार सारखेच दिसते. घरात मग दोन पक्ष पडतात. आई म्हणते राहू द्या, बाबा म्हणतात लाडावून ठेवली आहे, आणि आजी दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात देवाचे नाव घेते. खोलीतली मुलगी हे सारे ऐकत असते. आपल्यावरून भांडण चालले आहे एवढेच तिला त्यातून कळते.

अशा वेळी जमत नाही की करायचे नाही, याचा निर्णय आधी लावू आणि मग वागू, असे आईबाप ठरवतात. आमच्या मते हे ठरवणेच मुळात सदोष आहे. तो निर्णय लागत नाही. पुष्कळदा मुलीलाही तो ठाऊक नसतो. इच्छा हीच जिथे आजारी पडली आहे, तिथे इच्छा आणि शक्ती यांच्यातली सीमारेषा कोण आखणार? न्यायालयासमोरही असे प्रसंग येतात, जेथे अंतिम सत्य हाती लागण्याजोगे नसते. तेथे कायदा हात जोडून बसत नाही. तो एक गृहीत स्वीकारतो आणि सिद्ध करण्याचा भार कोणावर, ते ठरवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५ वे कलम पाहावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे मानले जाईल. तिच्यावर खटला भरण्याऐवजी तिची काळजी घेणे व तिला उपचार पुरवणे हे सरकारचे कर्तव्य राहील. ज्या कृत्याला दीडशेहून अधिक वर्षे आपण गुन्हा म्हणत होतो, त्याच्या बाबतीत सिद्ध करण्याचा भार या कलमाने पीडिताच्या खांद्यावरून काढून घेतला.

घरात मात्र तो भार अजून मुलीच्याच खांद्यावर असतो. तू आजारी आहेस, हे रोज सकाळी सिद्ध कर! ताप दाखव, रक्ताचा अहवाल दाखव. आमचे म्हणणे एवढेच, की जे घडून गेले त्याबद्दल ‘तिला जमले नाही’ असे गृहीत धरावे. मग कोणी विचारील, उद्याचे काय? कालचे जमले नाही म्हणून उद्याचेही जमणार नाही, असे धरले तर ती दयाही कैदच होईल. म्हणून येणाऱ्या दिवसाबद्दलचे गृहीत उलटे असावे: थोडेसे जमेल. पूर्ण शाळा नव्हे, पहिल्या दोन तासिका. दोन तासिका नव्हेत, तर फाटकापर्यंत जाऊन परत. पायरी किती उंच असावी हे उपचार करणाऱ्याने मुलीशी बोलून ठरवावे. ते बापाच्या त्या दिवशीच्या रागावर सोडू नये. मागचे आणि पुढचे अशी ही दोन गृहीते एकमेकांशी विसंगत आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. तर्कशास्त्रात ती टिकणार नाहीत. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना मात्र अशा विसंगतीत राहावेच लागते.

गीतेच्या वाचकाला हे अपरिचित नसावे. पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, हातातले धनुष्य निसटते. अर्जुनाला मनोविकार जडला होता असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. महाकाव्यातील पुरुषांची नाडी पाहण्याची हल्लीची हौस आम्हांला मानवत नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्याला दोन श्लोकांत चांगलेच सुनावतात, पौरुषाला डिवचतात. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन पुन्हा तेच म्हणाला आणि गप्प बसला. गीता खऱ्या अर्थाने सुरू होते ती यानंतर. त्या प्रदीर्घ संवादात शिष्याने शंका विचाराव्या, त्याच त्या पुन्हा विचाराव्या, आणि गुरूने न कंटाळता वेगळ्या वाटेने सांगावे, असे अठरा अध्याय चालले. आणि अखेरीस, सगळ्याचा विचार करून तुला इच्छा होईल तसे कर, असे सांगून निर्णय त्याच्या हाती दिला. बोलणी दोन श्लोकांची आणि संवाद शेकडो श्लोकांचा, हे प्रमाण आमच्या घरांत नेमके उलटे असते.

आईबापांचे काय चुकले, या प्रश्नात आम्ही फार रमत नाही. स्वभावाचा अनुवंश, घडलेले प्रसंग, शाळा, झोप, या साऱ्यांचे धागे गुंतलेले असतात. एक आरोपी काढता येत नाही. त्याच २०१७ च्या कायद्याचे तिसरे कलम तर स्पष्टच सांगते, की समाजातील प्रचलित नैतिक, सामाजिक वा धार्मिक समजुतींशी एखादी व्यक्ती जुळत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. वेणी न घालणारी, आरतीला न येणारी मुलगी केवळ त्यामुळे आजारी ठरत नाही. आणि आरतीला नित्य येणारी मुलगी आजारी नसेलच असेही नाही.

आमच्याकडे संकट आले की देवळात गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात. त्याची टिंगल करण्याची आमची वृत्ती नाही. आईला तेथे बसून जो धीर येतो तो खरा असतो, आणि मुलीला उद्या फाटकापर्यंत नेण्यासाठी आईला धीर हवाच. मात्र औषध द्यावे की नाही हा प्रश्न कौलाचा नव्हे. त्यासाठी बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची विनाशुल्क सेवा आहे. खिन्नतेच्या औषधाचा गुण पडायला काही आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यांत मुलावर लक्ष अधिक ठेवावे लागते. तो काळ संयमाचा असतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ते करू नये. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर ते नाटक आहे का, याचा विचार घरात करत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, घरातल्या गोळ्या, कीटकनाशके आणि दोर हाताशी ठेवू नयेत, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपचार टाळण्यामागे पुष्कळदा लग्नाची भीती असते; नोंद झाली तर पुढे अडेल. गोव्याबाहेरच्या हिंदूंना लागू असलेल्या १९५५ च्या विवाह कायद्यात मनोविकाराचा उल्लेख आहे हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे, की नुसते आजाराचे नाव चिकटवून भागत नाही, तो किती प्रमाणात आहे हे पाहावे लागते. पंधराव्या वर्षी चिंतेवर उपचार घेतले, एवढ्यावरून कोणाचा विवाह मोडत नाही. उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा रुग्णाचा हक्कही कायद्याने मान्य केला आहे.

राहता राहिली जत्रा. सभामंडपात चार महाजनांच्या बायका भेटतात आणि विचारतात, मुलगी दिसली नाही ती? प्रश्न आपुलकीचाच असतो. ‘परीक्षा आहे’ म्हणावे, ‘बरी नाही’ म्हणावे, की जे आहे ते सांगावे? आईबापांना वाटते, आपल्या अब्रूचा प्रश्न आहे. वस्तुतः तो मुलीच्या गोष्टीचा प्रश्न आहे, आणि ती गोष्ट कोणाला किती सांगायची, हे निघण्यापूर्वी तिच्या खोलीत जाऊन तिलाच विचारता येते.