सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

आमच्या शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक बाग आहे. फार मोठी नाही. कडेने फरशांची चालायची वाट, मध्ये हिरवळ, दोन गुलमोहर, एक जुना कडुलिंब, सिमेंटची बाके आणि कोपऱ्यात घसरगुंडी व दोन झोके. फाटकावर पाटी आहे, 'सार्वजनिक उद्यान'. खाली नियम लिहिले आहेत. फुले तोडू नयेत, कचरा टाकू नये, अमुक वेळेनंतर थांबू नये. हे सगळे नियम आम्हाला चटकन समजले. समजायला वेळ लागला तो पाटीवरचा पहिलाच शब्द.

आम्ही चौघी शिक्षिका शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन तिथे जाऊ लागलो. घरे लहान, गल्ल्या अरुंद. मोहल्ल्यात एक मैदान आहे, पण ते दिवसभर मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. तिथे मुलींनीही खेळावे असे कोणाला सुचत नाही, आणि बायकांनी जाऊन बसावे असे तर मुळीच नाही. म्हणून ही बाग.

बागेत बुरखा घातलेल्या आम्हीच तेवढ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वयस्कर काकू बाकावर आमच्या शेजारी येऊन बसल्या. मायेने म्हणाल्या, "तुम्ही इकडे कशा? तुमच्यातली माणसं फारशी येत नाहीत इथं." आम्ही घाईघाईने म्हणालो, "शाळा जवळच आहे ना काकू, म्हणून."

काकूंच्या मनात काही वाईट नव्हते. नंतर आम्हाला खटकले ते आमचेच उत्तर. बागेत येण्याचे कारण आम्ही का द्यावे? काकूंना तर कोणी कारण विचारले नव्हते. पण त्या दिवसापासून आम्ही पाहुण्यांसारख्या वागू लागलो. मुलांचे आवाज दाबू लागलो, कोणी आले की बाकावरून उठू लागलो. पाण्याचा नळ महिनाभर गळत होता, पण तक्रार केली नाही. पाहुणा काही यजमानाला त्याच्या घरातला गळका नळ दाखवीत नाही.

वर्गात मात्र आम्ही वेगळेच शिकवतो. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांची नावे घेऊन म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. हे कलम कोणत्या अनुभवातून आले, हे सांगताना आम्ही महाडचे उदाहरण देतो. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर तळे सर्वांचे झाले, पण पाणी तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हा भाग आम्ही विशेष अभिमानाने सांगतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. त्या तळ्याचे पाणी मुसलमानांना आधीपासूनच खुले होते. मनाई होती ती फक्त अस्पृश्यांना.

ही राहून गेलेली गोष्ट आम्हाला बागेनेच शिकवली.

बागेसमोर एका इमारतीचे काम चालू होते. तिथल्या मजुरांची मुले एकदा झोक्यांवर बसलेली दिसली. अनवाणी, केसांत सिमेंटची धूळ. आमची मुले बाजूला ताटकळत उभी. पाच-दहा मिनिटे गेली. शेवटी आमच्यातली एक रखवालदाराला म्हणाली, "यांना आत सोडतं कोण?" बाकीच्या तिघी गप्प राहिलो, म्हणजे आम्हीही तेच म्हणालो. रखवालदाराने काठी आपटली. पोरे पळाली. एक सात-आठ वर्षांची मुलगी तेवढी पळाली नाही. ती झोक्यावरून उतरली, झोका हलू नये म्हणून तिने साखळी धरून ठेवली आणि आमच्या मुलाला बसू दिले. मग गेली.

परत येताना कोणी बोलत नव्हते. अखेर एक म्हणाली, "काकूंनी आपल्याला निदान विचारलं तरी होतं."

कोणी म्हणेल, सगळ्यांना मोकळे सोडले तर बागेची काय दशा होईल? शेंगांची टरफले, गुटख्याच्या पिचकाऱ्या, मोडलेली बाके आम्हीही पाहिली आहेत. ही तक्रार खोटी नाही. पण पिचकारी मारणाऱ्याला अडवणे वेगळे आणि अनवाणी आहे म्हणून अडवणे वेगळे. नियम वागणुकीला लागतो, माणसाला नव्हे. त्या मुलीने कोणता नियम मोडला होता? उलट पाटीवर न लिहिलेला एक नियम तिने पाळला. तो आम्ही मोडला होता.

आपल्याकडे वक्फची कल्पना आहे. वक्फ केलेली वस्तू कोणाच्या मालकीची राहत नाही. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. मुतवल्ली फक्त सांभाळ करतो, लाभ मात्र ज्यांच्यासाठी ती दिली त्यांचा. मुतवल्ली स्वतःला मालक समजू लागला की काय होते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. सार्वजनिक बाग कायद्याने वक्फ नाही, पण तिच्याशी आपले नाते तसेच असायला हवे. पाहुण्याला तिची काळजी घेण्याचा हक्क वाटत नाही आणि मालकाला दुसऱ्याचा हक्क दिसत नाही. अमानत सांभाळणारा या दोघांहून निराळा. तो गळक्या नळाची तक्रारही करतो आणि झोक्यावरून वेळेत उतरतोही. वाटेतला काटा उचलणे हाही सदका आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तो काटा उचलताना मागून कोण येणार आहे, हे आपण विचारीत नाही.

नळाची तक्रार आम्ही लेखी दिली. नळ दुरुस्त झाला. त्या मुलीला मात्र आम्ही शोधत राहिलो. इमारत पूर्ण झाली होती, झोपड्या उठल्या होत्या. मजुरांची बिऱ्हाडे कोणत्या कामावर गेली, हे रखवालदाराला ठाऊक नव्हते. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आता मुलांना आम्ही एवढेच सांगतो, पन्नास झोके झाले की उतरायचे. रांगेत कोण उभे आहे हे पाहायचे नाही, कोणी उभे आहे का, एवढेच पाहायचे. आणि उतरताना साखळी धरून ठेवायची.