अनुकरण, दीक्षा आणि ऋण : दोन नृत्यपटांच्या निमित्ताने

रेमो डिसोझा यांचा ‘एबीसीडी २’ (२०१५) हा त्यांच्याच ‘एबीसीडी’ (२०१३) या नृत्यपटाचा उत्तरभाग. वसई-नालासोपारा परिसरातून पुढे आलेल्या सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोन्टेरो यांच्या पथकाच्या वाटचालीवरून त्याचे कथानक स्फुरले. चित्रपटातील पथकावर दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत परदेशी पथकाची रचना उचलल्याचा ठपका येतो, आणि पुढची सारी कथा हा कलंक धुऊन काढण्यासाठी लास व्हेगासच्या हिप-हॉप स्पर्धेपर्यंत जाते. कथानक सरळ आहे, बरेचसे भावुकही. त्याने गृहीत धरलेले नैतिक विधान मात्र तितके सरळ नाही : दुसऱ्याची हालचाल आपल्या देहात घेणे म्हणजे चोरी. (उत्तरभाग हा प्रकारच आधीच्या यशाची रीतसर आवृत्ती असतो, हा विरोधाभास येथे तूर्त बाजूला ठेवावा लागेल.)

वस्तुतः नृत्याचे कोणतेही शिक्षण अनुकरणापासूनच सुरू होते. बॅलेचा विद्यार्थी आरशासमोर, दांडीला हात लावून, तीच ती गुडघ्यांची वाकणी वर्षानुवर्षे गिरवतो. तेथे स्वतःची भर घालणे हा दोष ठरतो. कथकमधील तोडा गुरूने दिला तसाच शिष्याने उचलायचा असतो. अशा अनुकरणाला कोणी नक्कल म्हणत नाही, साधना म्हणतात. उलटपक्षी, १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या ब्रेकिंगमध्ये दुसऱ्याची चाल जशीच्या तशी रिंगणात आणणे लाजिरवाणे मानले जाते. त्याला ‘बायटिंग’, म्हणजे लचका तोडणे, असा झणझणीत शब्द आहे. पाहून शिकण्यास तेथे कोणाची हरकत नाही. घेतलेले पालटून परत करावे, एवढीच अपेक्षा असते. म्हणजे रस्त्यावरचे नृत्य निर्नियम, आणि नियम तेवढे बॅलेपाशी, ही समजूत टिकत नाही. मौलिकतेच्या बाबतीत रस्ताच अधिक कठोर आहे. दूरचित्रवाणीची स्पर्धा हे या दोहोंहून वेगळे असे तिसरे न्यायासन होय. तेथे गुरूची अनुज्ञा नसते आणि रिंगणाची साक्षही नसते. असतात ते परीक्षक आणि पुन्हा चालवून पाहता येणारे चित्रण. ‘एबीसीडी २’ या तीन न्यायासनांतील भेद जाणत नाही, म्हणून त्यातील अपराधाची भावना खरी वाटते, परंतु अपराधाचे स्वरूप धूसरच राहते.

या ठिकाणी संस्कृत काव्यशास्त्राचे साहाय्य होते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात काव्यांतील साम्याचे तीन प्रकार मानले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्यदेही, म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखे. पहिली दोन साम्ये कवीने टाळावीत. तिसरे टाळण्याचे कारण नाही, कारण देह सारखे असले तरी प्रत्येकाचा आत्मा आपापला असतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच विचाराचा विस्तार करून शब्दहरण व अर्थहरण यांची तपशीलवार वर्गवारी केली. त्याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या भ्रमंतीचे आख्यान आहे. प्रदेशोप्रदेशी स्त्रिया साहित्यविद्येच्या वेषाचे अनुकरण करतात आणि त्यातून त्या त्या प्रदेशाची वेषरीती, विलासरीती आणि वचनरीती सिद्ध होते. प्रादेशिक शैली ही येथे अनुकरणाचे फलित आहे. या भ्रमंतीचा शेवट विदर्भातील वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला, त्या दोघांच्या विवाहाने होतो.

वाशीमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात डोणगाव आहे. अशा गावातील नाचणाऱ्या मुलापुढे हा प्रश्न अधिक बिकट स्वरूपात उभा राहतो. तेथे बॅलेची दांडी नाही आणि ब्रेकिंगचे रिंगणही नाही. आहे ती वरात आणि हातातील मोबाईल. पडद्यावरची चाल तो उचलतो. ती चाल पडद्यापर्यंत कोणाकोणाच्या देहांतून आली, हे त्याला कळण्याची सोय नाही. ऋण मान्य करण्याची तयारी असली तरी ऋणकोला धनकोचा पत्ता ठाऊक नाही. १९५७ चा लेखाधिकार कायदा नृत्यरचनेला नाट्यकृतीत स्थान देतो, परंतु ती रचना लिखित वा अन्य रूपात निश्चित झालेली असावी अशी अट घालतो. म्हणजे ज्याच्यापाशी लेखणी किंवा कॅमेरा आहे त्याची चाल ही मालमत्ता, आणि वरातीत जन्मून वरातीतच विरणारी चाल कोणीही उचलावी अशी. चोरीचा आरोप नेहमी एकाच दिशेने का वाहतो, याचे एक कारण येथे सापडते.

सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ (२०२०) या कोंडीवर गुरूचा उतारा सुचवतो. मनीष चौहान व अमीरुद्दीन शाह या मुंबई परिसरातील दोन तरुणांच्या, आणि त्यांना घडवणाऱ्या येहूदा माओर या शिक्षकाच्या वास्तव कहाणीवर तो आधारलेला आहे. शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाले. गुरू लाभताच अनुकरणाला प्रतिष्ठा लाभते, हे चित्रपट प्रामाणिकपणे दाखवतो. परंतु त्याची किंमत तो पुरेशी मोजत नाही. रस्त्यावर कमावलेल्या उड्या आणि गिरक्या या येथे केवळ कच्चा माल ठरतात. त्यांच्यावरून शिक्षकाला गुणवत्ता ओळखता येते आणि मग त्या मागे पडतात. बॅलेने रस्त्याकडून नेमके काय घेतले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. रस्त्याने बॅलेकडून काय घेतले, एवढाच हिशेब मांडला जातो.

अपवाद एकच, आणि तो दिग्दर्शिकेच्या पात्रनिवडीतून आला आहे. निशूची भूमिका स्वतः मनीष चौहान यांनी केली. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचा देह बॅलेत मुरलेला होता. तरीही पहिल्या वर्गातील अवघडलेले, न जमणारे पाय त्यांना पुन्हा उभे करावे लागले. येथे अनुकर्ता आणि अनुकार्य एकच आहेत. शिकलेला देह न शिकलेल्या देहाची नक्कल करतो आहे, आणि तसे करताना दीक्षेने पुसून टाकलेली चाल आठवून काढतो आहे. ही चाल त्यांना कोणत्याही वर्गात कोणी शिकवलेली नव्हती.