बाळ किती वाजता झोपतं?

आमच्या गावच्या संगीत सभेचा मी अठरा वर्षं चिटणीस होतो. या काळात चुका पुष्कळ झाल्या. अजून टोचते ती एकच, आणि तिचा गाण्याशी तसा काही संबंध नाही.

जानेवारीतली गोष्ट. गायिका पुण्याची, तबल्यावर तिचा नवराच. मुलगी पावणेदोन वर्षांची. दोघंही मंचावर बसणार, तेव्हा पोरीला धरायला गायिकेच्या सासूबाई बरोबर. लातूर, नांदेड, मग आमचं गाव, असा भाड्याच्या गाडीतून दौरा. मागे खोळ घातलेले दोन तानपुरे, तबला-डग्गा आणि त्यांच्या सांदीत सासूबाईंची पिशवी. तिच्यातून त्यांनी एकेक वस्तू काढताना मी पाहिलं: छोटा कुकर, विजेची शेगडी, मेतकुटाचा डबा, तुपाची बाटली, वाटी-चमचा आणि जुन्या लुगड्याची एक विटकी गोधडी. "खोली रोज वेगळी असते हो," त्या म्हणाल्या, "गोधडी तरी तीच हवी."

मला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. खोलीला आतून कडी आहे का? आणि गाणं नेमकं किती वाजता सुरू होणार?

मी ऐटीत म्हणालो, "आठ म्हणजे आठ."

या शब्दावर त्या बाईंनी सगळी संध्याकाळ बांधली. सात वाजता मऊ भात. साडेसातला पोर आईजवळ. आठला आई मंचावर, पोर आजीच्या खांद्यावर, आणि आतून आईचा आवाज ऐकत ऐकत पावणेनऊच्या आत झोप. लातुरात जमलं होतं, नांदेडलाही जमलं होतं.

आमच्याकडे काय झालं? आमदारांची वाट पाहिली. ते आल्यावर दीपप्रज्वलन. समईच्या वाती वाऱ्याने दोनदा विझल्या. प्रास्ताविक मीच केलं आणि लांबवलं. मग आमदारांचा सत्कार, मग देणगीदारांचे, मग सत्काराला उत्तर. गायिका मंचावर बसली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. तोवर ती नेसलेल्या शालूची पर्वा न करता शाळेच्या वर्गातल्या बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर पेंगायची, लाऊडस्पीकरवर टाळ्या वाजल्या की दचकून उठायची. झोपेची वेळ एकदा मोडली की लहान मूल कुणाचं ऐकत नाही, हे ज्यांनी मुलं वाढवली त्यांना सांगायला नको. मीही दोन वाढवली आहेत, म्हणजे माझ्या बायकोने.

विलंबित ख्याल रंगात येत असताना आतून रडणं ऐकू आलं. गायिकेचा स्वर हलला नाही, पण तबलजीची मान आतल्या दाराकडे वळली आणि हात क्षणभर अडखळला. पहिल्या रांगेतल्या जाणकारांनी ते लगेच टिपलं; असं काही टिपायला ते टपलेलेच असतात. माझ्या शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "एवढी लहान पोरं आणतात कशाला?"

आणि एक तास वीस मिनिटं खाऊन बसलेल्या मी मान डोलावली.

आणतात कशाला, हा प्रश्न तमाशाच्या फडात कुणी विचारत नाही. दसऱ्याला बाहेर पडलेला फड साधारण बुद्ध पौर्णिमेला परततो. मधले सात महिने यात्रा-जत्रा, गाव रोज नवं. ढोलकीवाल्याचं पोर कनातीमागे झोळीत असतं. आई वगात उभी असली तर झोळीला झोका द्यायला कुणीतरी मावशी असतेच. याचे गोडवे मी गात नाही. पोर शाळेच्या वयाचं झालं की त्या मावशीची माया पुरत नाही. त्याला गावी आजीजवळ ठेवावं लागतं आणि मग आई-बाप सुट्टीपुरते. दुसऱ्या टोकाला पॉल मॅकार्टनी. १९७२ च्या उन्हाळ्यात तो आपल्या 'विंग्ज' या बँडला घेऊन भडक रंगवलेल्या दुमजली बसमधून युरोपभर फिरला. बायको लिंडा वादकांत, तिन्ही मुली सोबत, धाकटी वर्षाचीही नव्हती. बसच्या उघड्या वरच्या मजल्यावर गाद्या अंथरलेल्या. घरी दाया ठेवणं त्याला सहज परवडलं असतं. त्याने मुली सोबत नेल्या तर लोक हौस म्हणतात. ढोलकीवाल्याने नेली की हलाखी. पोराला दोन्हीकडे एवढंच हवं असतं की आई-बाप नजरेच्या टप्प्यात असावेत.

आणि पोरं बघत असतात, आपल्याला वाटतं त्याहून बारकाईने. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या मैफलींना त्यांची लेक किशोरीताई आमोणकर मागे तानपुऱ्यावर बसत. वडील लवकर गेलेले, संसार आईच्या गाण्यावर. त्या दौऱ्यांतला तिसऱ्या वर्गाचा प्रवास, तुटपुंजी बिदागी, हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरी उतरवणं, हे सगळं त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं; आपल्या वाट्याला असं येऊ द्यायचं नाही हे तेव्हाच मनाशी ठरवलं, हेही सांगितलं. आम्ही चिटणीस मंडळी मात्र चहा पिता पिता ताईंच्या लहरीपणाचे किस्से चवीने सांगायचो. अमुक अटी घातल्या, तमुक ठिकाणी आयोजकांना सुनावलं. त्या अटी जिथे तयार झाल्या तिथे आमच्यासारखाच कुणीतरी चिटणीस उभा असणार, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

त्या रात्री भैरवीनंतर गायिकेला आणि तबलजींना शाल-श्रीफळ दिलं. सासूबाई मागच्या दाराशी पोरीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांना पुढे बोलवायला हवं, असं मंचावरच्या नऊ माणसांपैकी कुणालाच वाटलं नाही.

सकाळी गाडीत सामान चढत होतं. मी दिलगिरी व्यक्त केली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, चालायचंच. सगळीकडे असंच असतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोर गोधडीचं टोक तोंडात धरून काचेतून माझ्याकडे टक लावून बघत होती.

पुढच्या वर्षापासून कलाकारांना जाणाऱ्या पत्रात मी तीन ओळी वाढवल्या. सोबत लहान मूल आहे का? किती महिन्यांचं? किती वाजता झोपतं? कार्यकारिणीच्या बैठकीत या ओळींवर हशा झाला. एका सभासदांनी विचारलं, "पाळणाघर काढायचंय का?" तरी ओळी राहिल्या, आणि नव्या चिटणिसांनीही काढल्या नाहीत.

गेल्या जानेवारीत एका सारंगीवादकाने उत्तर पाठवलं: मुलगा, चौदा महिने, साडेआठ. गाणं आठला सुरू झालं. सत्कार मध्यंतरात ठेवले होते. आमदार त्याआधीच निघून गेले.