सेवा नावाचा शब्द

गेल्या दिवाळीत मी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात पडून होतो. रात्रपाळीची परिचारिका माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने नाडी पाहिली, सलाईनची नळी नीट केली. मास्तरकीची खोड जाते कुठे? मी म्हणालो, “पोरी, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा.”

ती हसली. “गुरुजी, ईश्वराला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागत नाही, आणि एका पुजाऱ्याकडे चाळीस देव नसतात!”

झोप उडाली. तिचे बोलणे मला झोंबले, कारण ते माझेच होते. आम्हा शिक्षकांचा पेशा पवित्र आहे, हे लोकांना नेमके आम्ही पगाराविषयी बोलू लागलो की आठवते. पवित्र म्हटले की मागणे अपवित्र ठरते. मग मी तरी तिला दुसरे काय ऐकवले होते?

पण निव्वळ नोकरी म्हणावे, तर मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आठवते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. तिची शुद्ध हरपली ती कायमची. १८ मे २०१५ रोजी तिने अखेरचा श्वास घेतला. तोवर जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरवले, कुशीवर वळवले. शेवटी शेवटी तिचे करणाऱ्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. कुठल्या वेतनश्रेणीत हे काम बसते?

मात्र गोष्टीचा दुसरा भाग आपण सांगत नाही. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता: अरुणेची नीट व्यवस्था व्हावी आणि आपल्याला कामाची बरी परिस्थिती मिळावी म्हणून. पुढे १९८०च्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचे ठरवले, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या आणि तो बेत सोडावा लागला. भांडणारे हात आणि भरवणारे हात निराळे नव्हते. निष्ठा मुकी असते, ही आपल्या सोयीची समजूत आहे.

पहाटे ती पुन्हा आली. मी या खेपेस सुभाषित गिळले आणि नुसते विचारले, “समाधान आहे का ग या कामात?”

ती क्षणभर थांबली. “सात नंबरचे आजोबा परवा आपल्या पायांनी घरी गेले, तेव्हा होते. पाळ्यांचा तक्ता पाहिला की नसते. दोन्ही खरे, गुरुजी.”

मला वाटते, समाधान हे ज्याचे त्याने मिळवायचे असते. दुसऱ्याने ते कर्तव्य म्हणून लादले की त्याची वेठ होते. सेवा हा शब्द सेवा करणाराने उच्चारावा. घेणाऱ्याने ऋण म्हणावे, आणि ऋण फेडायचे असते.

बाहेर फटाके वाजू लागले. नरकचतुर्दशी होती. तिची पाळी सुटायला अजून दोन तास होते. घरी तिच्या लेकीला त्या वेळी आजी उटणे लावीत असेल.